मागच्या अंगणातला थिरथिरा

माझं काम पक्ष्यांच्या स्थलांतरावर आहे असं सांगितलं की चंदीगडमधल्या लोकांना सुखना तलावावरची बदकं आठवतात. मग मला सांगावं लागतं, की माझा पक्षी चिमणीएवढा आहे, तो थव्यानं येत नाही, आणि बहुधा तो तुमच्याच घरामागे, कपड्यांच्या दोरीवर बसलेला असतो. काळा थिरथिरा. नर वरून काळा, पोटाला विटकरी, आणि बसल्या जागी शेपूट थरथरवायची सवय. ऑक्टोबराच्या सुमाराला हिमालय ओलांडून खाली येतो, मार्च संपता संपता परत जातो. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते, पण गातो तो तिकडे, विणीच्या जागी. इकडे हिवाळाभर नुसतं टिक-टिक.

ज्या दोन हिवाळ्यांबद्दल मी सांगते आहे, त्या काळात मी दमलेली होते. आजारपण नव्हतं, घरात काही वाईट घडलेलं नव्हतं. नुसता थकवा. पहाटे उठून जाळी लावायची, मग विद्यापीठात तास, दुपारी उत्तरपत्रिका, संध्याकाळी वनखात्याच्या परवानगीसाठी तोच अर्ज पुन्हा नव्यानं लिहायचा. नवरा सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. माझा दिवस संपला की त्याचा रंगात यायचा. मुलगी आधी दहावीत, मग अकरावीत होती. तिघं एकत्र जेवायचो ते रविवारी, आणि त्यातलं कुणीतरी एक ताटावर पेंगत असायचं.

प्रकल्प कागदावर साधा होता. थिरथिऱ्याच्या पाठीवर नखाएवढं एक यंत्र बांधायचं. आम्ही त्याला टॅग म्हणतो. तो फक्त उजेड टिपतो. कधी उजाडलं आणि कधी मावळलं, यावरून पक्षी त्या दिवशी पृथ्वीवर साधारण कुठे होता ते काढता येतं. मोठ्या पक्ष्यांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रं लावतात, पण तेवढं वजन या जिवाला पेलायचं नाही. आमचा टॅग कुणाशी बोलत नाही. म्हणून ज्याला तो बांधला तोच पक्षी पुढच्या हिवाळ्यात परत यायला हवा, जिवंत, टॅगसकट, आणि पुन्हा हातात सापडायला हवा. तोवर तुमच्याकडे काहीच नसतं. आमची भिस्त होती ती थिरथिऱ्याच्या हट्टीपणावर. एक हिवाळा ज्या अंगणात काढला, तिथेच तो पुढच्या वर्षी येतो.

तशा अंगणांच्या शोधात माझी संशोधक विद्यार्थिनी आणि मी जुन्या सेक्टरांमधल्या कोठ्यांच्या, म्हणजे बंगल्यांच्या, मागच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो. ती मंडीकडची, हिमाचली, चालायला चपळ आणि बोलायला कमी. एका सकाळी एका कोठीच्या मागच्या भिंतीवर तिला एक देखणा नर दिसला. भिंतीपलीकडे लिंबाचं झाड, कुंड्यांच्या रांगा, एका कोपऱ्यात पडून राहिलेल्या विटा. थिरथिऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. आम्ही पुढून जाऊन बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका शीख बाईंनी. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पाठीचा कणा अजून फळ्यासमोर उभं असल्यासारखा ताठ. मी माझं नेहमीचं भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पकडोगे, फिर छोड़ दोगे?"

"जी."

"तो पकडोगे क्यों?"

मी पुन्हा सांगायला लागले, तशा त्या हसल्या. "आ जाओ, बेटा. यहाँ वैसे भी कोई आता नहीं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही जाळं लावलं. थोड्या वेळानं आंटीजींनी नवऱ्याची चाकांची खुर्ची ढकलत मागच्या अंगणात आणली. ते सैन्यातले निवृत्त अधिकारी. शेवटची नेमणूक जवळच्या चंडीमंदिर छावणीत होती, आणि तिथूनच ते या घरात कायमचे राहायला आले होते. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली, आणि भाषाही. अंगावर दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी. खुर्ची भिंतीच्या सावलीत उभी करून आंटीजी चहा आणायला वळल्या.

"ऊन," ते म्हणाले. मग जोरात, "ऊन! ऊन!"

आंटीजी तशाच माघारी आल्या आणि खुर्चीच्या पाठीला टांगलेला तिसरा स्वेटर काढून त्यांच्या मांडीवर पसरायला लागल्या. त्यांनी डाव्या हातानं तो ढकलून दिला. "देखो," आंटीजी मला म्हणाल्या, "सुबह उठते ही शुरू हो जाते हैं. ऊन, ऊन. इतनी ऊन लपेट रखी है, फिर भी."

माझ्या हातात जाळ्याची काठी होती. ती तशीच धरून मी विचारलं, "आंटीजी, अंकल मराठी आहेत का?"

"हाँ जी, महाराष्ट्र के हैं. क्यों?"

"ते लोकर मागत नाहीयेत. मराठीत ऊन म्हणजे धूप."

अंगणात पलीकडच्या बाजूला, लिंबाच्या पायथ्याशी, उन्हाचा एक पट्टा पडला होता. आम्ही दोघींनी खुर्ची तिकडे नेली. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड वर केलं. आंटीजी स्वेटर हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "अक्टूबर से," त्या म्हणाल्या, "अक्टूबर से मैं इनको स्वेटर पहना रही हूँ."

मग हळूहळू कळलं ते असं. चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांची भाषा हिंदी आणि पंजाबी. इंग्रजी ऑफिसापुरती. मराठी ते कधीमधी फोनवर भावाशी बोलत. भाऊ गेला आणि तेही थांबलं. मुलगा परदेशात, त्याला मराठी येतच नव्हती. पक्षाघातानंतर जे चार शब्द उरले ते सगळे लहानपणचे होते, आणि त्या घरात ते कुणालाच कळत नव्हते. नातेवाइकांपैकी कुणीतरी आंटीजींना सांगितलं होतं, की ही बडबड असते, तिच्यात अर्थ शोधत बसू नका.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "काका, तुम्ही कुठले?"

त्यांनी डोळे उघडले. शब्द जुळवायला त्यांना कष्ट पडत होते, गळ्याची शीर फुगली होती. "वाळवा," ते म्हणाले.

"मी कऱ्हाडची."

"कऱ्हाड," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ते सोडवून घेणं मला अवघड झालं, कारण त्याच वेळी विद्यार्थिनीनं हाक मारली. थिरथिरा जाळ्यात आला होता.

पक्षी हातात घेतला की मी बाकी सगळं विसरते. निदान तेव्हा तरी विसरत असे. वजन, पंखाची लांबी, पायात रंगीत कड्या, मग मांड्यांभोवती दोऱ्याचे दोन फास घालून कमरेवर टॅग. तो एवढासा जीव, तळहातात त्याचं काळीज फडफडताना जाणवतं. सोडला तसा तो भिंतीवर जाऊन बसला आणि मान मागे वळवून दोरा ओढून बघायला लागला. असं सगळेच करतात, काही वेळानं विसरतात. खुर्चीतून काका बघत होते.

"काय... केलंस?" त्यांनी विचारलं.

मी मराठीत समजावून सांगितलं. त्यांना कितपत कळलं माहीत नाही. पण मी बोलत होते तोवर त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही.

त्या दिवसापासून फोन सुरू झाले.

आंटीजी फार सभ्य होत्या. प्रत्येक वेळी माफी मागायच्या आणि मग फोन त्यांच्या तोंडापाशी धरायच्या. "बेटा, सुनो ज़रा, क्या कह रहे हैं." कधी ते पाणी मागत असायचे, कधी त्यांना कूस बदलायची असायची. कधी लहानपणचं काहीतरी सुटं सुटं, बैल, पाटाचं पाणी, आत्याचं नाव. मी हिंदीत सांगायचे, आंटीजी "अच्छा, अच्छा" करायच्या. तास चालू असताना फोन यायचा, बैठकीत यायचा, बसमध्ये यायचा. मी कधी नाही म्हटलं नाही. पण स्क्रीनवर ते नाव दिसलं की माझे खांदे आपोआप खाली यायचे, हे खरं आहे. मला वाटायचं, मी एक पक्षी पकडायला गेले होते, आणि हे काय होऊन बसलं. मग लाज वाटायची. लाज वाटण्यालाही ताकद लागते, तीही फारशी नव्हती.

एकदा मी फोन घरी विसरले आणि तो मुलीनं उचलला. आमच्या मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर हिंदीतच देते. जन्मापासून इथेच वाढली आहे. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, वो आंटी का फ़ोन आया था. अंकल पाय-पाय बोल रहे थे. मैंने बता दिया, पैर अकड़ गया है."

"तुला कसं कळलं अकडलाय ते?"

"वो बोले ना, अवघडलाय." तिनं तो शब्द अगदी स्पष्ट उच्चारला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. तिच्या तोंडून एक अख्खा मराठी शब्द मी किती दिवसांनी ऐकला होता.

मार्चअखेर थिरथिरे गेले. जायच्या आधी ते थोडे अस्वस्थ होतात, उंच बसतात, मग एका सकाळी अंगण रिकामं असतं. आंटीजींनी फोन करून कळवलं, "आपका मुसाफ़िर चला गया." मी नोंद केली. मग परीक्षा, मग उन्हाळा. विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. ती डेराबस्सीच्या एका औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "मॅम, हिवाळ्यात सुट्टी काढून येईन." मी म्हटलं, "येऊ नकोस. झोप." ती हसली नाही, कारण मी विनोद केला नव्हता.

जूनमधली गोष्ट. दुपारी डोकं उठवणारं ऊन होतं. आंटीजींचा फोन आला, पण यावेळी आवाजात वेगळंच काही होतं, जवळजवळ आनंद. त्यांनी सांगितलं, की काही दिवसांपासून हे 'पाठ' म्हणतात. सारखे म्हणतात. आयुष्यभर देवाधर्माच्या भानगडीत न पडलेला हा माणूस आता पाठ मागतो, म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर गुरबाणीचा पाठ लावतात, शेजारी बसून स्वतःही म्हणतात. "रब ने सुन ली, बेटा. बस, सुनते-सुनते रोने लगते हैं."

मी त्यांना मधेच थांबवलं. "आंटीजी, जरा त्यांना द्या."

"पाठ," काका म्हणाले. मग दम खाऊन, "लई... जळतीया."

मी रिक्षा करून गेले. आंटीजींच्या मदतीनं त्यांना कुशीवर वळवलं आणि बनियन वर केली. कमरेच्या वर, जिथे खुर्चीची कड लागत होती, कातडी लालजर्द होऊन एका जागी फाटली होती. घामानं चिघळली होती. आंटीजी रोज त्यांना पुसून घ्यायच्या, पण तेवढ्या वजनाच्या माणसाला एकटीनं पूर्ण वळवणं त्यांना जमत नव्हतं, आणि ती जागा तशी लपलेलीच होती. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मोबाइलवर पाठ चालू होता. कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही.

डॉक्टर आले, मलम, पाण्याची गादी, दर काही वेळानं कूस बदलायला एक नर्सबाई. जखम लवकर सापडली म्हणून भरली. त्या दिवशी निघताना आंटीजींनी मला दारात थांबवलं. "तुम्हाला त्रास देणं मी बंद करणार होते," त्या हिंदीत म्हणाल्या. "मनाशी ठरवलंच होतं, की या मुलीला पुरे झालं."

"करत जा फोन," मी म्हटलं. मी मनापासून म्हटलं होतं, आणि पुढच्या फोनला माझे खांदे पुन्हा खाली आलेच.

मग आंटीजी मराठी शिकायला लागल्या. गणिताच्या बाईंसारख्याच शिकल्या, रोज नेमानं. पाठ, पोट, ऊन, तहान, नको, पुरे. ते 'नको' म्हणाले की त्या मोठ्यानं 'नको' म्हणायच्या, आणि काकांना त्याचं हसू यायचं.

ऑक्टोबरात थिरथिरे आले. मी आता एकटीच होते. सकाळी दुर्बीण घेऊन एकेक अंगण बघत जायचं. बहुतेक ठिकाणी कुणी नव्हतं, किंवा दुसराच कुणी होता, पायात कड्या नसलेला. जे थोडे परतले होते, त्यांतल्या काहींचे टॅग गळून पडलेले. जे आलेच नाहीत ते मेले की आणखी कुठे गेले, की टॅगच्या वजनानंच काही झालं, हे कधी कळणार नव्हतं. तो प्रश्न या कामात सगळ्यांनाच पडतो आणि त्याचं उत्तर देता येईल अशी माहिती कुणाकडेच पुरेशी नसते. आम्ही वजनाची मर्यादा पाळली होती. एवढंच मी स्वतःला सांगत होते.

आंटीजींच्या भिंतीवर तो होता. पायात माझ्या कड्या, आणि वाऱ्यानं कमरेवरची पिसं उडाली की खाली टॅगची बारीक चमक.

पण त्याला जाळं माहीत झालं होतं. मी ते कुठेही लावलं तरी तो शहाण्यासारखा वळसा घालायचा. एकदा तर जाळ्याच्या काठीवरच येऊन बसला आणि तिथून खाली बघत शेपूट हलवत राहिला. डिसेंबर गेला. जानेवारीत धुकं पडलं, आणि धुक्यात जाळ्याच्या प्रत्येक धाग्यावर दव बसतं. दिसू नये म्हणून केलेलं जाळं पांढऱ्या पडद्यासारखं लटकतं. मी ते झटकायचे, पुन्हा लावायचे, बोटं बधिर व्हायची. खुर्चीत काका, शेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर आंटीजी, त्यांच्या हातात चहाचा स्टीलचा ग्लास. मला वाटतं आम्ही तिघंही दमलेलो होतो आणि तिघांनाही ते एकमेकांपासून लपवायची गरज उरली नव्हती. एकदा मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा काकांचा तिसरा स्वेटर माझ्या अंगावर होता.

शेवटी मी जाळ्याची जागा बदलायची ठरवली. आंटीजी कुंड्यांची माती खुरपायला बसल्या की तो खाली उतरायचा; उकरलेल्या मातीतले किडे त्याला आयतेच मिळायचे. मी एक छोटं जाळं कुंड्यांच्या दोन रांगांमध्ये, जमिनीलगत, छायेत लावलं आणि आंटीजींना खुरपायला बसवलं. त्यांचे गुडघे दुखत होते, तरी त्या बसल्या.

"नको," काका म्हणाले.

आम्ही दोघींनी वळून बघितलं. ते पक्ष्याकडे बघत होते. "धरू नको... त्याला."

आंटीजींना 'नको' कळलं होतं, पुढचं कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "ते म्हणतायत, पकडू नका." क्षणभर त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडं हलकंही वाटलं. घरी जावं, पांघरूण डोक्यावरून घ्यावं.

मग मी काकांजवळ गेले. "काका, मागच्या वर्षी मी त्याच्या पाठीवर यंत्र बांधलं होतं. आठवतं? ते अजून आहे. ते काढायचंय. काढायला धरावं लागेल."

"पाठीवर?"

"हो."

"परत... बांधशील?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. माझ्या पिशवीत एक कोरा टॅग होता. या पक्ष्याला पुन्हा बांधायचा असंच ठरलं होतं. आणखी एक वर्षाची नोंद मिळाली असती, पक्षी हक्काचा होता. मी म्हटलं, "नाही बांधणार."

त्यांनी डावा हात उचलून हलवला, अधिकारी माणूस 'चालू करा' म्हणतो तसा.

आंटीजी खुरपायला लागल्या. तो उतरला, थांबला, शेपूट थरथरवली, एक किडा उचलला, दुसऱ्याकडे उडी मारली आणि जाळ्यात आला. मी हातात घेऊन दोरा कापला. खालची कातडी मी नीट बघितली, फुंकर मारून पिसं बाजूला करून. एका ठिकाणी पिसं झिजली होती, जखम नव्हती. मी तो तसाच काकांच्या डाव्या हाताजवळ नेला. त्यांनी एका बोटानं त्याच्या डोक्याला स्पर्श केला. मग मी सोडला.

पुढच्या रविवारी विद्यार्थिनी डेराबस्सीहून आली, मी नको म्हटलं होतं तरी. आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही टॅगमधली नोंद बाहेर काढली. उजेडाच्या रेषा, दिवसामागून दिवस, चंदीगडचं धुकंसुद्धा त्यात फिकट दिसत होतं. मार्चअखेर त्यानं अंगण सोडलं. आणि नेमके ते दिवस असे, ज्यांत सगळीकडे दिवस आणि रात्र सारख्याच लांबीचे असतात, त्यामुळे उजेडावरून उत्तर-दक्षिण काही कळत नाही. तो निघाला हे दिसत होतं, कुठून गेला हे दिसत नव्हतं. मे महिन्यात रेषा पुन्हा अर्थाच्या झाल्या आणि हिमालयाच्या पलीकडे, पठारावर, एक मोठा धुरकट डाग उमटला. दोन-तीन जिल्हे सहज मावतील एवढा. त्या डागात कुठेतरी त्यानं उन्हाळा काढला होता. जुलैत बॅटरी संपली.

"इतना ही?" विद्यार्थिनी म्हणाली.

"इतना ही."

नवऱ्यानं पोहे केले होते. तिनं दोन वेळा घेऊन खाल्ले, मग सोफ्यावर बसल्या जागी झोपली. तिच्या कंपनीत त्या आठवड्यात दोन पाळ्या झाल्या होत्या. आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला.

तो डाग मी कागदावर छापून आंटीजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. "इतना दूर," त्या म्हणाल्या, आणि फ्रिजवर चुंबकानं लावून टाकला. अहवालात त्या डागाबद्दल मी अर्धं पान लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, एवढ्या थोड्या पक्ष्यांवरून निष्कर्ष कसा काढता. त्यांचं बरोबर होतं.

फेब्रुवारी संपता संपता मी वर्गात असताना फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. आंटीजी रडत होत्या की हसत होत्या ते आधी समजेना.

"बेटा, इन्होंने पंजाबी बोली! मैंने चाय दी. बोले, चाह ठंडी ऐ." त्यांनी ते वाक्य मला दोनदा म्हणून दाखवलं. चहा थंड आहे. "मैं तो रसोई तक भागी. दोबारा गरम करके लाई, तब याद आया कि मैं समझ गई थी. अपने आप समझ गई थी."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी; एक भाषा आधी परत येते, बाकीच्या मागाहून. मी पुन्हा वर्गात गेले आणि कुठवर आलो होतो ते विद्यार्थ्यांना विचारलं.

त्यानंतर फोन कमी झाले. पंजाबी आली, तिच्यामागे हिंदी आली, तुटक पण सरळ. मार्चमध्ये मी जाळ्याच्या काठ्या परत आणायला गेले. काका अंगणात होते, दाढी केलेली, केस विंचरलेले.

"काका, बरं आहे का?"

"आइए, मैडम," ते म्हणाले. "बैठिए." मग बायकोला, "चाय."

मी बसले. मराठीत दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्यांनी हिंदीत उत्तरं दिली, सावकाश आणि अदबीनं, दूरच्या पाहुण्याला देतात तशी. त्यांना मी आठवत होते, यात शंका नाही. फक्त मधल्या काळातली ती जवळीक, मनगट धरणारी, ती त्या भाषेबरोबर आत कुठेतरी परत गेली होती. आंटीजी चहा घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा सैल बघितला. दोघं पंजाबीत कशावरून तरी कुरबुरत होते, बहुतेक साखरेवरून. मला त्यातलं निम्मं कळत होतं. मी चहा संपवला.

"अगले साल आओगी ना?" आंटीजींनी दारात विचारलं.

"प्रकल्प संपला, आंटीजी."

"चाय तो नहीं संपली," त्या म्हणाल्या. संपली हा शब्द त्यांनी मराठीतला वापरला. मी हो म्हटलं. नंतर मी दोन-तीनदा गेलेही, ठरवलं होतं त्याहून कमी वेळा.

त्या रविवारी मी सगळी जाळी बाल्कनीतल्या बादलीत भिजवली. नवरा म्हणाला, दे इकडे. आम्ही दोघं गच्चीवर गेलो, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, आणि मधे अडकलेली लिंबाची वाळकी पानं, काड्या, एखादं पीस बोटांनी सोडवत बसलो. हे फार हळू चालणारं काम आहे. ओढलं की धागा तुटतो. मुलगी खालून पाण्याची बाटली घेऊन आली आणि थोडा वेळ मधल्या भागाला बसली. तिचे पेपर संपले होते. जाळी वाळत घातली तेव्हा दुपार झाली होती. जेवून मी खोलीत जाऊन आडवी झाले. फोन बाहेरच्या टेबलावर राहिला होता. आणायला उठावं असं वाटलं नाही.